पित्तराच्या पाटावर

"सकाळीच अर्धा गिलास पाजून द्या त्याले. इवाई समोर बसतीन आन याच्या हातात कपबशी वाजन, तं आपली काय राहीन? तिले काही सांगू नका. पोरगी भोळी आहे."

ती भोळी पोरगी मी. गच्चीवर टाकायच्या उशा घेऊन मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते, आणि आत स्वयंपाकघरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामाजींना सांगत होत्या. मामाजी काही बोलले नाहीत. माझ्या सासऱ्यांचं न बोलणं म्हणजे होकार, हे कळायला मला सत्तावीस दिवस लागले. लग्नालाही तेवढेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी माझे आईबाबा, म्हणजे आत्याबाईंचे इवाई, अकोल्याहून येणार होते, जठारपेठेतून, लेकीचं घर पाहायला. आणि माझ्या नवऱ्याने, देवानंदने, दारू सोडल्याला तो सहावा दिवस होता.

तो पितो हे लग्नाआधी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नाही, कुलरने सांगितलं. अमरावतीच्या उन्हाळ्यात कुलरच्या टाकीत पाणी भरायचं काम नव्या सुनेकडे येतं, आणि टाकीच्या तळाशी थंडगार क्वार्टर पडलेली असायची. मी पाणी भरायची, बाटली होती तशी ठेवायची. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी ती बाहेर काढली, पुसली आणि त्याच्या घड्याळाशेजारी ठेवली. त्याने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सोडतो."

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या रात्री दोन बनियनी घामाने भिजल्या. दात वाजत होते, आणि बाहेर तर उकाडा. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे अंगावर काढायचं नसतं, जीव जातो," आणि गोळ्या लिहून दिल्या. घरी सांगितलं, ताप आहे. सगळ्यांनी ताप मान्य केला. या घरात सोयीचा आजार लगेच मान्य होतो. तेव्हापासून दर दोन तासांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, तोंडात गुळाचा खडा, रात्री पाय बादलीत. फार झालं की तो माझी ओढणी दातांत धरायचा. कालपासून घाम कमी झाला होता. हात मात्र राहिले होते. मामाजींचं फुलांचं दुकान, आणि हार ओवायच्या सुईत दोरा जात नव्हता.

त्या रात्री नऊ चाळीसला लाइट गेली. आम्ही सगळे गच्चीवर आलो. देवानंद, माझी नणंद रागिणी, मी, आणि भगवंतराव आबाजी. आबाजी हे मामाजींचे काका. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. अचलपूरहून आमच्या लग्नाला आले ते अजून गेले नव्हते. दिवसभर पुढच्या खोलीत डोळे मिटून पडतात. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालतात. आबाजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

थोड्या वेळाने मामाजी आणि आत्याबाईही वर आल्या. दोघं कठड्याजवळ बसली. देवानंद आबाजींच्या बाजेच्या पायथ्याशी होता, हात मांड्यांखाली दाबून.

"आबाजी, एखादी गोष्ट सांगा ना," रागिणी म्हणाली. "भेव वाटन अशी."

"गोष्ट नाही सांगत मी," आबाजी म्हणाले. "झालेलं सांगतो. आइकाचं असन तं आइक."

पुढचं त्यांच्याच बोलीत लिहिते.

"सन दोन हजार एकोनीस. सात मे. मंगळवार. आखाजी. आमच्या डेपोत जानराव होता, टायर बदलाच्या कामावर. त्या दिवशी त्याले काम काय होतं, तं फक्त जेवाले बसाचं. तिवशापासून पाच किलोमीटर आत एक खेडं आहे. नाव नाही सांगत, त्या घरचे लोक अजून नांदून राह्यले. तिथला शालिक जानरावचा दोस्त. दोघाईनं संगमंग पेली, लय पेली. शालिक मेला दिवाळीच्या आंगंमांगं. ही त्याची पहिली आखाजी. म्हणून पित्तर म्हणून जानरावले बलावलं."

आमच्याकडे हे असतं. माणूस गेला की पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या वयाचा कोणीतरी पाटावर बसवतात. तो जेवला की गेलेला जेवला. ताटात काही टाकायचं नाही. पित्तराचं ताट उष्टं राहिलं तर तो घरच्यांना लागतो, म्हणतात.

"शालिकचा मोठा भाऊ गोवर्धन," आबाजी म्हणाले. "झेंडूचा मळा त्याच्या हाती. मोठा नेमाचा मानूस. सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही जलमात. तेरवीले छाती बडवून रडला. म्हने, दारूनं खाल्लं माया भावाले. सगळ्या गावानं आइकलं."

"मग?"

"मंग काय. जानराव पाटावर बसला. पुरनपोळी, वडे, चिंचोनी, आंब्याचा रस. सगळं झालं. आन गोवर्धननं ताटाच्या उजव्या अंगाले स्टीलचा गिलास ठेवला. क्वार्टर फोडली. स्वतःच्या हातानं वतली. म्हने, शालिकले आवडे."

देवानंदने पाय पोटाशी घेतले.

"आता जानरावचा तो चौथा दिवस होता. सोडल्याचा. शालिक मेला तवापासून त्याच्या मनात होतं, पन चार दिवसांआंधी खरंच सोडली. हात असे... पानी पेता येत नव्हतं. जेवन त्यानं मनगट गुडघ्यावर टेकवून केलं. तो म्हने, गोवर्धनभाऊ, मी सोडली. गोवर्धन म्हने, तू कुठं पेऊन राह्यला? शालिक पेऊन राह्यला. पित्तरानं नाही म्हनाचं असते काय?"

"हे बराबर आहे पन," रागिणी म्हणाली. "भुताले कायची नशाबंदी."

"हास," आबाजी म्हणाले. "आता हासून घे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रागिणीकडे पाहत नव्हते, कठड्याकडे पाहत होते.

"जानरावनं तीनदा नाही म्हटलं. शालिकची माय होती तिथं, माणिकबाई. ते म्हने, राहू दे रे गोवर्धन. पन गोवर्धन आइकते? ताट उष्टं सोडून पित्तर उठला तं माया घरात शांती कशी होईन, म्हने. शेवटी गिलासातली दारू पान्याच्या बाटलीत भरली आन जानरावच्या थैलीत कोंबली. घरी घे, म्हने. पन रात्री बाराच्या आत घे. पित्तराची आहे ते."

"फेकून द्यायची," मी मनात म्हटलं.

"फेकता बी येत नाही ना," आबाजी म्हणाले, जणू मी मोठ्याने बोलले होते. "पित्तराची वस्तू. फेकली तं पाप, पेली तं मरन."

जेवणानंतर जानरावला ग्लानी आली. तो शालिकच्याच बाजेवर पडला आणि संध्याकाळची काळीपिवळी जीप चुकली. निघायला सव्वानऊ झाले. तिवशाच्या फाट्यावरून अमरावतीची शेवटची गाडी पावणेअकराला. पाच किलोमीटर चालायचं. तीजेची कोर बुडाली होती. दोन्ही बाजूंना तोडणी झालेले झेंडूचे वाफे, आणि रस्त्याच्या कडेने विजेचे खांब.

"चालता चालता त्याले सुरू झालं," आबाजी म्हणाले. "मे महिना, आन थंडी वाजून राह्यली. कानात धडधड. जीभ टाळूले चिकटली. आन मुंग्या. कातड्यावर नाही, कातड्याखालून. हाडाले धरून चढून राह्यल्या वरतं. थैली खांद्याले, थैलीत बाटली. एक घोट घेतला असता तं पाच मिन्टात सगळं थांबलं असतं. त्याले माहीत होतं ना."

देवानंद अगदी हळू म्हणाला, "थांबतेच."

गच्चीवर त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. आत्याबाई हलल्या. ताप आलेला माणूस असं बोलत नाही.

"थांबते," आबाजी म्हणाले. "म्हणून त्यानं काय केलं, खांब मोजाले लागला. या खांबापासून त्या खांबापर्यंत प्याची नाही. एवढंच. पुढच्या खांबाचं पुढच्या खांबाले पाहू. खांब आला की हात लावाचा, मोठ्यानं आकडा म्हनाचा, आन पुढं चालाचं. एक. दोन. आयुष्यभर सोडतो असं म्हनाची ताकद कोनात असते? एका खांबाची असते."

मांड्यांखालून देवानंदने एक हात काढला आणि माझ्या साडीचा काठ मुठीत धरला. अंधार होता. कोणाला दिसलं नाही.

"नऊ. दहा. अकरा. मांगं गावचा कुत्रा भुकून राह्यला होता, तो थांबला. जानरावनं खांबाले हात लावला.

"बारा, म्हने.

"तेरा... मांगून कोनीतरी म्हनलं."

रागिणीने माझा दंड धरला.

"जानराव थांबला नाही. मांगं वळला नाही. मनात म्हने, डोक्श्यात भास होऊन राह्यला, दारू सुटली की होते असं. पुढच्या खांबाले हात लावला. काही बोललाच नाही.

"तेरा, मांगून पुन्हा आलं. जसा कोनी याची वाट पाहून राह्यला.

"मंग वास आला. झेंडूची पानं चुरगाळल्यावानी. शालिकच्या हाताले बारा महिने तोच वास.

"थरथरून राह्यलं काय... मांगून विचारलं.

"जानराव म्हने, हो.

"मले बी.

"दोघं चालले. एकाचे पाय वाजत होते. ...एकाचेच.

"माया पाचवा दिस होता, मांगून म्हनलं. मी नाही म्हटलं होतं. तीनदा.

"कोनाले?

"..."

आबाजी थांबले. खाली कुठेतरी कोणाचा तरी इन्व्हर्टर पीं पीं करत होता.

"दसरा दोन दिवसांवर, मांगून म्हनलं. झेंडू उभा. तोडाले मानसं नाहीत. माये हात असे. भावानं क्वार्टर आनली. ज्यानं कधी दुकानाची पायरी नाही चढली, त्यानं आनली. स्वतः वतली. माया पायावर डोकं ठेवलं रे जानराव... मोठ्या भावानं. एक डाव घे म्हने. एवढी तोडनी होऊ दे. मंग सोड.

"मंग?

"मंग कुठं सुटते.

"चौदा. पंधरा. सोळा.

"तोडनी झाली. फुलं इकली. मंग रक्ताच्या उलट्या. तेरवीले तो म्हने, दारूनं खाल्लं. ...दारूले हात असतेत काय?"

मामाजी खाकरले. "काय पोरायले भेवाडता, काका. झोपू द्या."

"झोप ना तू," आबाजी म्हणाले. "तुले कोनं धरलं?"

मामाजी उठले नाहीत.

"जानरावनं थैलीत हात घातला. बाटली काढली. मांगं न पाहता मांगं धरली. शालिक, हे तुयी आहे. घे आन जा.

"बाटली नाही पायजे.

"मंग काय पायजे?

"...

"काय पायजे शालिक?

"थरथर दे.

"...

"जानराव उभा राह्यला. त्याले समजलंच नाही. पन तोंडातून निंगून गेलं, घे.

"दोन्ही मनगटाले गार लागलं. बस. एवढंच.

"मंग पाय वाजले. आता वाजले. गावाकडं. वापस."

देवानंदची मूठ माझ्या साडीवर घट्ट होती.

"दहा वीसले जानराव फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर पोचला. लाइटाखाली हात पाह्यले. दगडावानी. बाटली त्यानं आधीच एका खांबापाशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी माया घरी आला, सुईत दोरा ओवून दाखवला मले. मी म्हटलं, तुया डोक्श्यावर परिनाम झाला. तो म्हने, चाल मंग संगं. तिसऱ्या दिवशी गेलो. नऊ मे."

"आणि?" हे मी विचारलं. लग्नानंतर आबाजींशी बोललेला माझा पहिला शब्द असावा.

"गोवर्धन घरी नव्हता. माणिकबाईनं सांगतलं. आखाजीच्या रात्री तो आंगनात बाजेवर झोपला होता. अकराच्या सुमारास फाटक वाजलं. मायले वाटलं, वारा. मंग गोवर्धन उठून बसला. थंडी वाजते म्हने. पानी मांगतलं. गिलास तोंडाशी जाईच ना, सगळं पानी छातीवर. मंग मुंग्या. झाड माय, झाड, मुंग्या. मायनं कंदील आनला, आंगावर एक मुंगी नाही. घामानं वाकळ वली. रात्री दोन वाजता तो उठला आन ज्यानं सुपारी खाल्ली नाही तो घरभर हुंगत फिरला. दुपारची रिकामी क्वार्टर उकिरड्यावर होती. ते शोधली. चाटली. मायनं पाह्यलं."

"बापा..." आत्याबाई म्हणाल्या.

"सकाळी अमरावतीले दवाखान्यात आनला. डाक्टरनं विचारलं, रोज किती पेता? घरचे म्हने, साहेब, यानं जलमात थेंब नाही घेतला. डाक्टर हासला. सगळे असंच सांगतेत म्हने, आन कागदावर लिहून घेतलं, दारुडा. पुऱ्या गावात झालं. आजवर कोनी त्याचं खरं नाही मानलं. सात वर्स झाली. हात अजून तसेच आहेत. गोळ्यानं थांबत नाहीत. पेऊन पाह्यली म्हनतेत त्यानं लपून, पेऊन बी थांबत नाहीत."

"आणि जानराव?" देवानंदने विचारलं.

"त्याचं त्याले सोपं नाही गेलं. हात थांबले, पन जीव मांगेच. रोज मांगे. वर्सभर खांब मोजले त्यानं. आज नातवाले खांद्यावर घेऊन फिरते."

मग आबाजींचा आवाज खाली गेला.

"निघता निघता माणिकबाई म्हने, आंगनात या. गोवर्धनची बाज तशीच होती. तो आदल्या दिवसापासून दवाखान्यात. चादर मायनं दोनदा धुवून घातली होती. भर दुपार. मी वाकून पाह्यलं. बाजेच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग वर चढत होती. उशीकडं नाही. कुठं सांडलं नाही, गोड नाही, काही नाही. चादरीच्या मधात... दोन गोल. बांगडीएवढे. मानूस चित झोपला की मनगटं जिथं येतेत, तिथं. मुंग्या त्या गोलात फिरत होत्या. मधात एक बी जात नव्हती.

"माणिकबाईनं चादर झटकली. परत आथरली.

"आमी पाहत असतानाच... रांग पुन्हा चढली."

आबाजींनी पांघरूण ओढलं आणि कुशीवर वळले. गोष्ट संपली असं काही म्हणाले नाहीत.

रागिणी उठून माझ्या आणि देवानंदच्या मध्ये येऊन झोपली, बावीस वर्षांची घोडी. देवानंदने साडीचा काठ सोडला नाही. त्याचे हात थरथरत होते. ते कोणी घेऊन गेलं नव्हतं, आणि मला ते कोणी नेऊही नये असं वाटलं. माझ्या माणसाचे हात आहेत. त्याचे तो थांबवेल.

कठड्याजवळ कुजबुज सुरू झाली. आत्याबाईंचा आवाज हळू आहे असं त्यांना वाटतं.

"म्हाताऱ्याचं काय आइकता. अशा गोष्टी खऱ्या असतेत काय? मंग सकाळचं काय करता? इवाई नऊच्या गाडीनं येऊन राह्यले."

मामाजी काही बोलले नाहीत.

मला मामाजींचं न बोलणं कळतं, हे वर लिहिलंच आहे. मी उठून बसले. माझा आवाज त्या घराने सत्तावीस दिवसांत असा ऐकला नव्हता. मीही ऐकला नव्हता. शेजारच्या गच्चीवरची माणसं गप्प झाली, इतका तो स्वच्छ गेला.

"आत्याबाई, सकाळचं मी करते. बाबा दारातून आत आले की पहिले मीच सांगीन, यांनी दारू सोडली, आज सातवा दिवस आहे, हात थरथरतात, कोनी हासाचं नाही. अन् तरीबी यांना पाजाचीच असन, तं मामाजीले नका सांगू. तुमच्याच हातानं वता. बाज मी आंगनात टाकून देईन, अन् चादर रोज धुईन."